एका ट्रेमधले दोन गिअरबॉक्स

"कुठला पार्ट खराब हाय तेवढं सांगा, उस्ताद. बाकी माझं मी बघतो."

दिगंबर सुतारानं हे विचारलं खरं, पण विचारताना त्याला मनातून फार अवघड वाटत होतं. गडहिंग्लजच्या बाबालाल उस्तादांकडे कित्येक वर्षं हात काळे करून त्यानं आजऱ्यात स्वतःचं गॅरेज टाकलं होतं. निघताना तो त्यांच्या पाया पडला होता. आता इथं पुन्हा यायची वेळ येणार नाही, असंही तेव्हाच मनाशी म्हणाला होता.

आज तो नाक मुठीत धरून आला होता.

शिवाप्पाच्या प्रवासी नेणाऱ्या वडाप जीपचा गिअरबॉक्स टेबलावर खोलून पडला होता. दिगंबरनंच तो नव्यानं बांधला होता. आणि त्याचा थर्ड गिअर चालता चालता आपोआप सुटत होता. सपाट रस्त्यावर ही नुसती कटकट. पण शिवाप्पा रोज माणसं भरून आंबोलीचा घाट उतरायचा, आणि उतारावर गिअर सुटला की सगळा भार ब्रेकवर येतो. परवा एका वळणावर तसंच झालं. जीप कठड्याजवळ थांबली म्हणून सगळे वाचले. एका बाईनं तिथंच उतरून जीपकडे पाठ फिरवली आणि चालत निघाली.

उद्या सकाळी पुन्हा माणसं भरायची होती.

उस्तादांनी चष्मा पुसला. "काय काय केलंस?"

"मूळच्या बॉक्सचा शाफ्ट गेला होता. भंगार बाजारातनं तसलाच दुसरा बॉक्स आणला. दोन्ही खोलले, दोन्हीतलं चांगलं चांगलं निवडलं आणि एक बॉक्स बांधला."

एवढ्या अडचणीतही हे सांगताना गड्याची छाती जरा पुढं आली.

"धुतलं कशात?"

"रॉकेलात. ट्रेमध्ये."

"दोन ट्रे घेतलेस?"

"न्हाई... एकच."

उस्तादांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

दिगंबरला या चौकशीचा अर्थ लागेना. पार्ट धुण्याचा आणि गिअर सुटण्याचा काय संबंध?

"एक दाता तुटका न्हाई, उस्ताद. बघा तरी."

"निवडून उरलेलं कुठं हाय?"

"पोत्यात हाय, जीपमध्ये. ते भंगार."

"आण."

पोतं आलं. उस्तादांनी त्यातून आणि टेबलावरून चार वस्तू उचलून फडक्यावर मांडल्या. दोन हब आणि दोन स्लीव्ह. हब म्हणजे आतला दातेरी गोल, आणि स्लीव्ह म्हणजे त्याच्यावर मागंपुढं सरकणारी बाहेरची कडी. ती सरकून पुरती जाग्यावर बसली तरच गिअर टिकतो. दोन बॉक्सच्या, आपापसांत झिजून जमलेल्या दोन जोड्या, पण त्या एका ट्रेमध्ये कालवल्या गेल्या होत्या. त्यातला चकचकीत हब आणि चकचकीत स्लीव्ह दिगंबरनं निवडली होती.

तो वाट बघत राहिला. उस्तादांच्या हाताला लोखंड बोलतं, असं सगळा तालुका म्हणायचा. आता ते बोट ठेवतील, ही ह्याची, ती त्याची.

उस्तादांनी चारही वस्तू उलटसुलट करून बघितल्या आणि खाली ठेवल्या.

"मला कळत न्हाई."

"तुम्हाला...?"

"कुणाची जोडी कुठली, न्हाई कळत."

दिगंबरला वाटलं, म्हातारा राग काढतोय. पण उस्तादांच्या तोंडावर राग नव्हता.

"मग तुमच्या हातनं कधी अशी भेसळ कशी झाली न्हाई?"

"मी खोलतानाच तारेनं बांधतो की."

बांधायचे, हे खरंच. हबवर आणि स्लीव्हवर समोरासमोर रंगाचा ठिपका द्यायचे, दोन्ही तारेनं एकत्र गुंफायचे, आणि मगच धुवायला टाकायचे. दिगंबरनं ते रोज बघितलं होतं. स्वतःच्या गॅरेजात त्यानं सगळ्यात आधी सोडून दिलेलं कामही तेच होतं.

"मला वाटायचं, ते शिकणाऱ्यांसाठी हाय. तुम्ही काय, बघून ओळखत असाल..."

"ओळखता येत असतं, तर तार कशाला बांधली असती?"

दिगंबरला लाज वाटली. खाली मान घालून तो फडक्याचं टोक चोळत बसला.

उस्तादांनी स्टूल ओढलं. "धर हब. आडवा धर."

त्यांनी चकचकीत स्लीव्ह वरून ठेवली आणि सोडली. ती अर्ध्यावर अडली. काढली, एक दाता फिरवून पुन्हा सोडली. पुन्हा अडली. दर दात्यावर तेच. मग दुसरा हब. चहा आला आणि निवून गेला.

"जरा पॉलिश पेपर मारू का? आत्ता सरकंल."

उस्तादांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. दिगंबरनं पेपर खिशात घातला.

शेवटी दोघांनी पोत्यातली मळकट स्लीव्ह घेतली. चकचकीत हबवर ती पुष्कळ ठिकाणी अडली, आणि एका जागी मात्र कुणी न ढकलता आपल्या वजनानं खाली आली. उस्तादांनी ती उचलून पुन्हा सोडली. पुन्हा तशीच उतरली.

"हीच मूळची जोडी?"

"काय म्हाईत. पण जमतंय दोघांचं."

"म्हणजे मी चांगलं निवडलं, तिथंच चुकलो?"

"चांगलं, पण कुणाबरोबर?"

दिगंबर कामाला लागला.

उन्हं कलता कलता बॉक्स जीपला चढला. शिवाप्पा टपरीवरून उठून आला. दिगंबरवर त्याचा भरवसा उरला नव्हता, म्हणून त्यानं उस्तादांनाच विचारलं, "झालं का? उद्या माणसं भरू?"

उस्तादांनी दिगंबरकडे बघितलं.

गेल्या खेपेला दिगंबर म्हणाला होता, डोळे झाकून जा. तेच शब्द आत्ताही त्याच्या ओठावर आले. पण कठड्याजवळून चालत गेलेली ती बाई त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

"मला सांगता येत न्हाई, शिवाप्पा," तो म्हणाला. "रिकामी जीप मी घाटातनं उतरवून आणतो. मग सांगतो."

शिवाप्पाचं तोंड उतरलं. मिस्त्रीच असं म्हणायला लागला, तर गिऱ्हाइकानं काय करायचं? त्यानं पुन्हा उस्तादांकडे बघितलं.

उस्ताद हात पुसत होते.

"जा, दिगंबर," ते म्हणाले. "आजपास्नं तू गिअरबॉक्स खोलायला हरकत न्हाई."