चाळीस धडे आणि एक रिकामी मेथड

एकदा एक वृद्ध गुरू होते. मात्र त्यांना आश्रमही नव्हता आणि दाढीही नव्हती. अंध मुलांच्या एका निवासी शाळेच्या मागच्या बाजूला त्यांना एक खोली दिलेली होती. तिथे दोन संगणक, एक पाण्याचा माठ आणि खिडकीत वाळत घातलेला पंचा, एवढाच संसार. तंत्रनिकेतनातून निवृत्त झाल्यावर बारा वर्षं खपून त्यांनी या मुलांसाठी बोलणारे धडे तयार केले होते. मुलानं टॅबवर बोट टेकवलं की धडा आपणहून बोलू लागे.

हे धडे जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेत लिहिलेले होते आणि त्यांची रचना एखाद्या कुटुंबासारखी होती. सर्वांत वर एक मूळ क्लास, म्हणजे साचा; त्याचं नाव 'धडा'. त्याच्यापासून जन्मलेले बाराखडी, पाढे, ऋतू, नद्या असे चाळीस क्लास. बोलायचं कसं, थांबायचं कुठे, हे फक्त मूळ क्लासला शिकवलेलं होतं. 'वाचून दाखव' या त्याच्या मेथडमध्ये, म्हणजे सूचनांच्या संचात, ते सगळं होतं, आणि चाळीसही धड्यांना ती आयती मिळे. नावंसुद्धा गुरूंनी मराठीच ठेवली होती. जावास्क्रिप्टला मराठीचं वावडं नाही. असलं तर आपल्यालाच असतं.

ऋजुता ही त्यांची शिष्या. नुकतीच पदवी घेतलेली, हाताला चपळ आणि सगळं जिवाला लावून घेणारी. त्या वर्षी शाळेत कस्तुरी नावाची नऊ वर्षांची मुलगी आली. तिला जन्मापासून दिसत नव्हतं, आणि दोन वर्षांपूर्वीच्या तापात कानही जवळजवळ गेले होते. वर्ग धडे ऐकण्यात रमलेला असे तेव्हा ती टॅब मांडीवर घेऊन नुसती बसून राही. ऋजुताला ते बघवेना. एके दिवशी तिनं कस्तुरीच्या तळव्यावर ब्रेलचे ठिपके टेकवत सांगितलं, "तुझा धडा मी करते. सोमवारी देते." कस्तुरीनं मूठ मिटली ती बराच वेळ उघडली नाही.

ऋजुता कामाला लागली. 'धडा'पासूनच तिनं कस्तुरीसाठी एक नवा क्लास काढला. प्रत्येक अक्षराला ब्रेलच्या ठिपक्यांप्रमाणे टॅब थरथरावा, म्हणजे कस्तुरीला तो हातानं वाचता येईल, अशी तिची कल्पना होती आणि ती उत्तम होती. फक्त ती लिहिली भलत्या ठिकाणी. घाईघाईत तिनं मूळ क्लासचीच 'वाचून दाखव' उघडली, त्यातला आवाज काढला आणि थरथर घातली. कस्तुरीचा धडा लावून पाहिला, तो सुरेख चालला. बाकीचे धडे लावून पाहण्याचं तिच्या डोक्यातही आलं नाही.

सोमवारी सकाळी चाळीसच्या चाळीस धडे मुके झाले, नुसते थरथरू लागले. मुलं टॅब हलवून पाहू लागली, बाईंना हाका मारू लागली. पहिलीतली एक चिमुरडी टॅब कानाशी धरून रडत होती, "बाई, आता माझे कानपण जाणार का?" ऋजुता तेव्हा दारातच उभी होती.

गुरूंनी पाच मिनिटांत जुनी मेथड परत बसवली आणि त्या चिमुरडीला शेजारी बसवून तिचा धडा तिला ऐकवला.

गुरुवारी ती नवा धडा घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. "सर, कस्तुरीचा क्लास मी वेगळाच केलाय. 'धडा'शी त्याचा काही संबंध नाही. लागतं तेवढं सगळं त्यात उतरवून घेतलंय, आवाज तेवढा काढलाय. तुमच्या क्लासला मी पुन्हा हात लावणार नाही. हा तिला दिला की मी जाते. हे काम माझ्या हातचं नाही."

गुरूंनी तिचं लिखाण शेवटपर्यंत वाचलं. मग चष्मा पुसला आणि आपला मूळ क्लास उघडला. 'वाचून दाखव'मध्ये, एकेक अक्षर बोलून होतं त्या जागी, त्यांनी एक ओळ घातली: 'सोबत'ला हाक. खाली 'सोबत' नावाची मेथड लिहिली. कंस उघडला, कंस मिटला. आत काहीही लिहिलं नाही. मग उठून माठातलं पाणी प्यायले.

ऋजुता बुचकळ्यात पडली. "सर, यात तर काहीच नाही."

"नाही."

"मग ही चालली की होणार काय?"

"काही नाही. चाळीस धडे आहेत तसेच बोलतील."

"मग लिहिलीत कशाला?"

गुरू म्हणाले, "बाळ, आधी तू एका मुलीसाठी बापाचाच स्वभाव बदललास आणि सगळं घर मुकं झालं. आता त्याच धास्तीनं त्या मुलीलाच घराबाहेर काढलंस. पुढच्या महिन्यात मी 'धडा'ला हळू वाचायला शिकवणार आहे. चाळीस जणांना ते घरबसल्या मिळेल. कस्तुरीला कोण देणार? तू तर निघालीस. पण चूक तुझ्या एकटीची नाही. बारा वर्षं मी हा क्लास लिहिला, आणि या चाळिसांहून वेगळं एखादं मूल येईल हे माझ्या मनातच आलं नाही. त्याच्यासाठी मी जागा ठेवली नव्हती. ती आज ठेवली. माझं बोलून झालं की मी हाक मारीन. ज्याच्यापाशी काही आहे त्यानं ओ द्यावी, नसेल त्यानं गप्प राहावं. ओ काय द्यायची, ते तुझं तू बघ."

ऋजुताचे डोळे भरून आले. तरी एक शंका राहिलीच. "पण सर, बोलणं तुमचंच राहिलं तर कस्तुरीच्या टॅबमधून आवाजही येणार. तिला तो काय कामाचा?"

"तू तिला विचारलंस?"

तिनं विचारलं नव्हतं. ती खुर्ची ओढून बसली. उतरवून घेतलेलं सगळं पुसून टाकलं, कस्तुरीचा क्लास पुन्हा 'धडा'ला जोडला आणि त्यात फक्त थरथरीची 'सोबत' लिहिली. अकरा ओळी झाल्या. मग चाळीसही धडे एकेक करून लावून ऐकले.

शुक्रवारी कस्तुरीनं टॅबवर तळवा ठेवला. क, म, ळ. तिनं तीनदा तोच शब्द वाचला आणि स्वतःशीच हसली. मग एकाएकी तिचा हात थांबला; थरथरीच्या आड तळव्याला आणखी काहीतरी लागत होतं. तिनं टॅब उचलला, उजव्या कानामागच्या हाडाशी घट्ट दाबून धरला आणि श्वास रोखला.

"ताई," ती केवढ्यांदा तरी ओरडली, "आत कुणीतरी बोलतंय!"

ऋजुतानं मागे वळून पाहिलं. गुरू दारात उभे होते. कस्तुरीच्या वाट्याचा हा आवाज आपण दोनदा पुसला, एकदा मायेपोटी आणि एकदा भीतीपोटी, आणि दोन्ही वेळा तिला न विचारता, हे ऋजुताला तेव्हा कळलं.

कस्तुरी तिची ओढणी ओढत होती.

"ताई, त्याला सांग ना, जरा मोठ्यानं बोल म्हणावं."