सरका की, आजोबा!

दगडाला आणि काचेला वाचा होती तेव्हाची ही गोष्ट. द्राक्षबागेच्या मधोमध जुन्या गढीचा एक बुरूज ताठ उभा होता. त्याच्या शेजारी मालकाने वाइन चाखायला येणाऱ्यांसाठी चकचकीत काचेचा हॉल बांधला.

"ओ आजोबा, सरका की!" हॉल म्हणाला. "तुमच्यामुळे पाहुण्यांना डोंगर दिसत नाही."

"लेका, तोफांनीही हेच सांगून पाहिलं," बुरूज म्हणाला. "त्यांचं ऐकलं नाही, तुझं काय ऐकू?"

मालकाला मात्र हॉलचंच पटलं. बुरूज पाडायला जेसीबी आला. भेगांतल्या साळुंक्या भुर्रकन उडाल्या. बुरूज जागचा हलला नाही.

तेवढ्यात पाहुण्यांची गाडी थांबली. एका म्हातारीने घरून आणलेली वाइनची बाटली बुरजासमोर धरली आणि ती हरखली. "हाच गं बाई तो! चित्रातल्यासारखा अगदी तस्साच!" हॉलकडे न बघताच सगळे बुरजाकडे धावले.

मालकाने बाटली निरखली. मळ्याची खूण म्हणून लेबलावर बुरूज त्यानेच छापला होता, आणि पार विसरला होता. त्याने मुकाट्याने जेसीबी परत पाठवला.

हॉल ओशाळून म्हणाला, "आजोबा, बाटलीवर माझं चित्र कधी येईल?"

"आधी एखादा तोफगोळा झेलून दाखव," बुरूज म्हणाला, "मग बघू."