अंगणातल्या विहिरी

पुष्कळ पिढ्यांमागची गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर जरूर ऐकावी.

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावाला विहीर एकच, त्यामुळे तिथे रोज भांडण. कुणाचा दोर आधी, कुणाची घागर पुढे! कंटाळून गावच्या वडीलधाऱ्यांनी घरोघरी अंगणात विहीर खोदायला लावली. भांडणं थांबली. वडीलधारे पारावर बसून म्हणू लागले, "राहावं तर आमच्या गावात!"

त्या गावात एक नवी सून आली. एके सकाळी तिने सासूला विचारलं, "आत्याबाई, शेजारी कोण राहतं?"

"एक म्हातारी. एकटीच असते."

"दोन दिवस तिचा रहाट वाजला नाही."

"तिची विहीर, तिचा रहाट. आपल्याला काय करायचंय?"

सुनेने पदर खोचला आणि ती गडगा ओलांडून पलीकडे गेली. म्हातारी अंगणात पडली होती. पाय मोडलेला. विहीर चार पावलांवर, आणि ओठ तहानेने फुटलेले.

सुनेने तिचं डोकं मांडीवर घेतलं. थेंब थेंब पाणी पाजलं. म्हातारीने डोळे उघडले.

"कुणाची गं तू?"

"शेजारची."

"मग या गावची नसशील."

म्हातारीला अंथरुणावर निजवून सून तडक पारावर गेली. घडलेलं सांगितलं.

"पोरी," एक आजोबा म्हणाले, "भांडणं नकोत म्हणून आम्ही विहिरी खोदल्या."

"आजोबा, जुन्या विहिरीवर ही म्हातारी एक दिवस दिसली नसती, तर बायका म्हणाल्या असत्या, आज भवानी कुठे मेली, बघा गं! शिव्या देत गेल्या असत्या. पण गेल्या असत्या."



दुसऱ्या दिवशी सून घागर घेऊन जुन्या विहिरीवर गेली. एकटीच. तिसऱ्या दिवशी सासू आली, कुरकुरत. पंधरवड्यात तिथे पुन्हा गर्दी झाली. वडीलधारे सगळ्यांत उशिरा आले. त्यांना सगळंच उशिरा सुचतं.

म्हातारीचा पाय सरळ झाला नाही. तिला रहाट ओढवेना, म्हणून रोज कुणीतरी तिची घागर भरून देई. जराही उशीर झाला, की ती दारातून ओरडे, "अगं बयांनो, मी अजून जिवंत आहे!" आणि चार घरांतून एकदम उत्तर येई, "आले गं, आजी!"

म्हणून सांगते: आपण दिसलो नाही तर जिथे कुणी शोधत येतं, तीच जागा राहण्याजोगी.