तीन वेळांचे देऊळ

फार फार जुन्या काळी, माणसे उन्हाकडे पाहून वेळ सांगत तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या कुशीत एक गाव होते. गावात एक ख्रिस्ती मंडळी होती आणि तिचे लहानसे कौलारू देऊळ होते. रविवारी सगळे तिथे एकत्र उपासनेला बसत. पुढे म्हातारी माणसे, मागे तरुण, आणि मधल्या चटईवर मुले.

उपासनेचा शेवट नेहमी एकाच गाण्याने होई. त्याला निरोपाचे गाणे म्हणत. गावात कोणी वारले, तर हेच गाणे म्हणत लोक त्याला ओढ्यापलीकडच्या दफनभूमीत नेत. वाट उताराची आणि निसरडी होती. खांदेकरी गाण्याच्या ठेक्यावर पाऊल टाकत, म्हणून खांद्यावरची शवपेटी कधी हलत नसे.

गाण्याचे शब्द पुस्तकात होते. चाल मात्र कुठेच लिहिलेली नव्हती. ज्याने त्याने ती शेजारी बसलेल्याकडून ऐकून घ्यायची.

गावात सगळ्यांत चांगले गाणारा एक म्हातारा होता. त्याची मुलगी त्याच्याजवळच राहत असे. तिला सगळे ताई म्हणत. ती फार टापटिपीची होती. तिच्या घरात भांडी उंचीप्रमाणे लावलेली असत आणि तिचा शब्द कधी मागेपुढे होत नसे.

देवळात मात्र टापटीप नव्हती. मुले खुसखुसत. म्हातारी माणसे वळूनवळून डोळे वटारत.

"ही कार्टी देवळात येतात की बाजारात?" पुढच्या रांगेतली एक आजी म्हणायची.

"यांचं एक कडवं होईपर्यंत आमची दाढी वाढते," मागून एखादा तरुण पुटपुटायचा.

एका रविवारी त्या आजीने एका मुलाला चापट मारली. मुलाच्या आईने उपासनेतच भांडण काढले. पुढे दोन्ही घरांतले लोक एकमेकांच्या विहिरीवर जाईनासे झाले.

मग देवळाचे धर्मगुरू, म्हणजे पाळक, आणि गावचे पंच ताईकडे आले. पाळक म्हणाले, "ताई, तूच काहीतरी व्यवस्था लाव. आमच्याच्यानं हे होत नाही."

ताईने पुष्कळ विचार केला आणि वेळा वाटून दिल्या. गुरे रानात सुटण्याआधी म्हाताऱ्यांची उपासना. ऊन देवळाच्या पायरीवर आले की मुलांची. दिवेलागणीला तरुणांची. एका गटाची वेळ झाली, की दुसऱ्याने आत थांबायचे नाही. ताई स्वतः दाराशी उभी राहून ऊन पाहत असे आणि वेळ सांभाळत असे.

भांडणे थांबली. म्हाताऱ्यांना शांतता मिळाली, मुलांना हसायला मिळाले, तरुणांना ढोलकी मिळाली. विहिरीवर पुन्हा सगळे पाणी भरू लागले. ताईचे कौतुक शेजारच्या गावांपर्यंत गेले आणि तिथले पंचही वेळा कशा लावायच्या ते विचारायला आले.

फक्त ताईचे वडील खूश नव्हते. एका रविवारी म्हाताऱ्यांची उपासना संपली, तरी ते जागचे उठले नाहीत. मुले दारात उभी होती.

"बाबा, तुमची वेळ संपली," ताई म्हणाली.

"ठाऊक आहे. पण मी जरा पोरांबरोबर बसतो. निरोपाच्या गाण्याला गेल्या रविवारी ती टाळ्या पिटत होती. कोपऱ्यावरून ऐकलं मी. त्यांना नीट चाल सांगतो."

"आज तुम्ही बसलात, तर उद्या सगळेच बसतील. नियम सगळ्यांना सारखा हवा."

म्हातारा हसला. "बाई, मला कोणत्या गटात मरायचं तेही सांगून ठेव." मग गुडघ्यावर हात ठेवून तो सावकाश उठला. जाता जाता एवढेच म्हणाला, "माझ्या वेळी ते गाणं नीट म्हणा. बाकी काही मागत नाही."

"म्हणू, बाबा," ताई म्हणाली. तिने मनापासून शब्द दिला. मग तिने मुलांना आत घेतले.

मुलांनी गाणे आणखी जलद केले, कारण त्यांना हळू म्हणायला सांगणारे कोणी नव्हते. तरुणांनी ढोलकीसाठी त्याची चाल वर चढवली. म्हाताऱ्यांचा दम कमी पडू लागला. त्यांचा आवाज उचलून धरणारे मागे कोणी नव्हते, म्हणून त्यांनी शेवटचे कडवे सोडून दिले. ताईच्या कानावर तिन्ही गाणी पडत. ज्याला त्याला आपल्या आवडीचे मिळाले, असे तिला वाटे आणि तिला बरे वाटे.

पुढे पावसाळा सरला आणि तिचे वडील वारले.

त्या दिवशी कितीतरी काळाने सगळी मंडळी एकत्र उभी राहिली. खांदेकऱ्यांनी पेटी उचलली. म्हाताऱ्यांनी गाणे सुरू केले. त्यांची पहिली ओळ संपण्याआधी मुलांची दुसरी होऊन गेली. तरुणांनी वरचा सूर धरला. प्रत्येक जण दुसऱ्याकडे चमकून पाहू लागला आणि आपलेच खरे म्हणून आणखी मोठ्याने म्हणू लागला.

पेटीच्या पुढचे खांदेकरी तरुण होते आणि मागचे वयस्क. पुढच्यांचे पाऊल एका ठेक्यावर पडले, मागच्यांचे दुसऱ्या. ओढ्याच्या उतारावर पेटी एका बाजूला कलली. बाया किंचाळल्या. चारपाच जण धावले, म्हणून ती कशीबशी सावरली.

पाळक घाबऱ्याघाबऱ्या म्हणाले, "राहू द्या! गाणं राहू द्या. जपून चला."

गाणे थांबले. त्या गावात पहिल्यांदाच एक माणूस गाण्याशिवाय दफनभूमीत गेला, आणि तो सगळ्यांत चांगला गाणारा होता.

परतीच्या वाटेवर एका लहान मुलीने ताईचा पदर ओढला. "ताई, आमचं चुकलं का?"

"नाही गं," ताई म्हणाली. थोडे चालून गेल्यावर ती पुन्हा म्हणाली, "सगळ्यांनी आपापलं बरोबरच म्हटलं."

पुढच्या रविवारी म्हाताऱ्यांची उपासना संपली. ऊन पायरीवर आले. मुले दाराशी जमली. चापट मारणारी आजी लुगडे सावरत उठू लागली.

"उठते बाई, उठते. झाली ना यांची वेळ?"

"बसा, आजी," ताई म्हणाली.

"मग ही कार्टी कुठं बसणार? माझ्या डोक्यावर?"

"शेजारी बसतील. आणि तरुणांनाही बोलावणं पाठवलंय."

जागा अपुरी पडली. कुणाचा पाय तुडवला गेला, कुणी कुणाला चिमटा काढला. तरुण कुरकुरत आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. आजीने थरथरत्या आवाजात निरोपाचे गाणे सुरू केले आणि मुलांनी लगेच टाळ्या धरल्या.

"हळू रे! कुठं आग लागलीय?" आजी ओरडली. मुले हसली. मग त्यांनी पुन्हा म्हटले, आणि पुन्हा. त्या दिवशी तीन वेळा भांडण झाले, पण कोणी घरी गेले नाही.

असे कितीतरी रविवार गेले. हळूहळू पहिली कडवी जुळली. शेवटच्या कडव्यापाशी मात्र सगळे अडखळले. म्हाताऱ्यांनी ते कधीच सोडून दिले होते. कोणी म्हणे सूर तिथे खाली उतरतो, कोणी म्हणे वर जातो.

आजी ताईकडे वळली. "तुझ्या बापाचं गाणं हे. तुला येत असेल. म्हण की."

ताईने तोंड उघडले. तिने आठवून पाहिले. बाबा होते, म्हणून ते मुद्दाम शिकून घ्यावे असे तिला कधी वाटले नव्हते; आणि वेळा वाटल्यापासून शेवटचे कडवे सुरू झाले, की ती नेहमी दाराबाहेर ऊन पाहायला जात असे. पुढच्या गटाची वेळ झाली का, ते तिला पाहायचे असे.

"मला येत नाही," ती म्हणाली.

तेव्हापासून त्या गावात निरोपाचे गाणे म्हणताना शेवटच्या कडव्यापाशी सगळे गायचे थांबतात. लहान, तरुण आणि म्हातारे एका आवाजात ते नुसते वाचतात, आणि खांदेकरी तेवढा वेळ जागीच उभे राहतात.

तात्पर्य : माणसांना वेगवेगळे बसवले की भांडण मिटते, पण जे एकाकडून दुसऱ्याकडे जायचे असते, तेही वाटेतच राहून जाते.