राघूचं पाठांतर

जंगलात संगणक नवाच आला होता, तेव्हाची गोष्ट. बुद्धिबळात तो दर डावाला पहिल्या चालीत राजापुढचं प्यादंच पुढे ढकलायचा. राघूने त्यावरची उत्तरं घोकून पाठ केली आणि तो संगणकाला रोज हरवू लागला.

रोज मार खाऊन प्यादं मेटाकुटीला आलं. "अहो धनी, दरवेळी मीच का?"

"तुझी चाल केसभर सरस आहे," संगणक म्हणाला.

"केसभरच ना? मग चांगल्या चार चालींच्या चिठ्ठ्या टाका की!"

दुसऱ्या दिवशी चिठ्ठीत घोडा निघाला. राघूची चोच उघडी ती उघडीच! हरल्यावर तो फणकारला, "उद्या काय काढणार ते आत्ताच सांगा, पाठ करून येतो!"

प्यादं खुदकन हसलं. "राघोबा, ते अजून संगणकालाच ठाऊक नाही!"