देवाची मूठ आणि सोनेरी पळी

रानाच्या कडेला, करवंदीच्या जाळीला टेकून एक झोपडी होती. तिथं बकुळी आणि तिची आई राहायच्या. घरात दोनच गोष्टी भरपूर, वारा आणि भूक! आई तापानं इतकी खंगली होती की नुसतं उठून बसली तरी तिला धाप लागायची. बकुळी रानफुलं विकून मूठभर कण्या आणायची आणि पेज रांधायची. पण चुलीवर भांडं चढण्याआधी त्यातल्याच थोड्या कण्या बाजूला निघायच्या. ती देवाची मूठ. दारी भुकेला येईल त्याला ती द्यायची.

"देणारा तो आहे, बाळा," आई म्हणायची. "त्याचं त्याला आधी."

एके दिवशी दारी कुणीच फिरकलं नाही. मग बकुळी ती मूठ घेऊन रानात गेली. जांभळ्या-पिवळ्या फुलांत एक इवलंसं निळं पाखरू मलूल पडलं होतं. बकुळीनं हळूच त्याला कण्या भरवल्या, आणि काय सांगू! पाखराच्या पंखांतून चमचम उडाली नि समोर बोटाएवढी परी उभी राहिली. अंगात दवाच्या थेंबांचा झगा, डोक्यावर अबोलीचं फूल.

"काय हवं गं तुला, बकुळे?"

"आईला पोटभर पेज."

"आणि आणखी?"

"आधी पेज तर होऊ दे!"

परी खुदकन हसली. तिनं एक सोनेरी पळी पुढे केली. "हिनं ढवळलंस की भांडं भरेल. पण नियम ऐक हं. ही देवानं दिली, मी नुसती पोचवणारी. त्याची मूठ चुकवायची नाही. आणि हात जोडायचे ते त्यालाच. पळीपुढे कुणी माथा टेकला, की सोनं गेलंच म्हणून समज."

आता काय, भांडं काठोकाठ! आईच्या गालांवर लाली आली. गावातली भुकेली पोरंही जेवून जाऊ लागली. सुखाचा वास लागला की पाहुणे येतातच, तशी बकुळीची गोदाआत्या आली. तिनं पळीला हळदकुंकू लावलं, चंदनाच्या देव्हाऱ्यात बसवलं नि गावाला बोलावलं. नारळांची रास पडली.

"आत्या, परीनं सांगितलंय, असं करायचं नाही!"

"गप गं! लहान तोंडी मोठा घास! आता ती मूठबीठ पुरे. हाच आपला देव. टेक डोकं, नाहीतर पळी कोपेल नि तुझी आई पुन्हा अंथरुणाला खिळेल."

आत्यानं स्वतः माथा टेकला. तेवढ्यात आई खोकली. बकुळीचे हात जोडण्यासाठी अर्धे वर गेले.

तोच दारातून एक म्हातारी म्हणाली, "माय, दोन घास मिळतील का गं?"

"पूजा चाललीय, उद्या ये!" आत्या खेकसली.

बकुळीचे हात खाली आले. तिनं सरळ देव्हाऱ्यातली पळी उचलली. "अगं अगं!" सगळे ओरडले. आत्यानं माथा टेकला होताच; परीनं सांगितलं तसंच पळीचं सोनं झरझर उतरलं. हातात उरलं साधं लाकूड.

बकुळीला रडूच कोसळलं. आईला उद्या काय घालायचं? मग तिनं झग्याला नाक पुसलं. "सोनं गेलं तर गेलं. देव कुठं गेलाय?"

तिनं देवाची मूठ काढली, ती भांड्यात टाकली आणि लाकडी पळीनं ढवळू लागली. पेज वर आली, आणखी वर आली, उतू जाऊन चुलीत सांडली! म्हातारीनं पोटभर खाल्लं, आईनं खाल्लं, सगळ्या गावानं खाल्लं.

जेवून उठता उठता म्हातारीच्या अंगावर दवाचे थेंब चमकले. "सोन्यात काही नव्हतं, बकुळे," परी म्हणाली, "तू देणाऱ्याला विसरली नाहीस, आता तो तुला उणं पडू देणार नाही." गुलाबी-सोनेरी उजेड झाला आणि त्यात ती दिसेनाशी झाली.

गोदाआत्या? तिनं मुकाट्यानं नारळ फोडले नि खोबरं पेजेत घातलं. दुसऱ्या दिवशी बकुळी चुलीवर भांडं ठेवू लागली, तर आत्याच ओरडली, "थांब गं पोरी! आधी देवाची मूठ काढू दे."