माती जेवतीया

"...मग खांदा बरा का होईना, वस्ताद?"

ऋतुराज मगदूम तालमीत आखाड्याच्या कडेला उभा होता. हातात बाटली, बाटलीत ढवळलेली पांढरी पावडर. निवडीची कुस्ती पंधरवड्यावर आली होती आणि उजवा हात डोक्याच्या वर जात नव्हता.

दस्तगीर वस्ताद मातीत ताक ओतत होते. हळद, तेल, लिंबू आधीच पडलं होतं.

"मेहनत झाली की अर्ध्या तासात प्रोटीन घेतो. चेरीचा रस घेतो. जगात जे नवं संशोधन येतंय, ते सगळं पाठ हाय मला."

"चांगलं हाय की. खोटं कशाला आसंल?"

ऋतुराज वादाच्या तयारीने आला होता. वस्तादांनी वादच घातला नाही, तेव्हा त्याने लंगोट आवळला आणि मातीकडे पाय उचलला.

"थांब. माती जेवतीया."

"किती वेळ?"

"मुरंस्तोवर."

"म्हंजे आखाडा बंद? एवढं ताक-तेल घातलंय, आता तर उतरायलाच पायजे."

वस्तादांनी ताकाचा हात पुसून त्याच्या दुखऱ्या खांद्यावर ठेवला. पैलवान अंगाने दांडगा होता, अकलेने काही कच्चा नव्हता. त्याचा पाय आपसूक मागे आला.

"त्या संशोधनात झोपंचं काय म्हणत्यात?"

"म्हणत्यात... झोप आधी. बाकी सगळं नंतर."

"मग?"

त्याने बाटली कडेला ठेवली.

"झोप येत न्हाई, वस्ताद. डोळं मिटलं की तो दिसतो... गेल्या सालच्या कुस्तीतला. परत पट काढतो, परत मला पाडतो. मग उठतो आणि जोर मारत बसतो."

पोरगं रडत नव्हतं, पण फार थकलं होतं.

बाहेर ऊन चढलं होतं. वस्तादांनी आपलं घोंगडं कडेला अंथरलं आणि दुखरा खांदा वर येईल असं त्याला कुशीवर निजवलं. मग स्वतः त्याच्या उशाशी, दाराकडे तोंड करून बसले. वय सत्तरीच्या पुढचं, गुडघा वाकता वाकत नव्हता.

"वस्ताद... तो आला तर?"

वस्तादांनी मांडीवर हलकेच शड्डू ठोकला.

"येऊ दे की. आदी माज्यासंगं कुस्ती करावी लागंल त्याला."